धूर कुठून येतोय, ते आधी बघ

चि. सोनूस,



एअर फ्रायर परत करायचा, नाहीतर माळ्यावर टाकायचा, असं तुमच्याकडे ठरत आलंय हे तुझ्या आईकडून कळलं. बांगडे भाजायला घेतले, दुसऱ्या घाण्याला स्वयंपाकघर धुराने भरलं, सासूबाईंना ठसका लागला आणि मशीनच खराब निघालं असा निकाल झाला. तो अमलात आणण्याआधी हे पत्र सगळ्यांनी मिळून वाचा. धूर आला की मशीन बिघडलं, असं बहुतेक घरांत धरून चालतात. खरं तर बहुतेक वेळा मशीन धडधाकट असतं, चरबी तेवढी भलत्या जागी तापत असते. क्वचित मात्र मशीनच धूर सोडतं, आणि तेव्हा ते एक मिनिटही चालू ठेवायचं नसतं. हे दोन धूर वेगळे ओळखता यावेत म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी मशीनच्या पोटात काय असतं ते बघू. हॉलंडच्या फ्रेड व्हान डर वेईने घडवलेला आणि फिलिप्सने 2010 साली बर्लिनच्या आयएफए प्रदर्शनात मांडलेला पहिला एअर फ्रायर घे, नाहीतर आज दुकानात मिळणारा कुठलाही घे, टोपलीवाल्या मशीनची रचना साधारण तीच. वर गोल वळणांची कॉइल, तिच्या डोक्यावर पंखा, खाली भोकांची टोपली आणि टोपलीखाली ट्रे. पंखा तापलेली हवा जोराने टोपलीतून फिरवतो, ती ट्रेच्या तळाला आपटून परत वर जाते. आपण 200 अंश लावले की हवा 200 अंशांच्या आसपास राहते. ती हवा तापवणारी कॉइल मात्र त्याहून कितीतरी जास्त तापते, आणि पदार्थापासून ती जेमतेम चार बोटांवर असते. गॅसवर आच खाली असते आणि मधे कढईचा तळ असतो. इथे आच उघडी, डोक्यावर, आणि वारा खालून वर जाणारा. धुराचं बरंचसं मूळ या मांडणीतच आहे.

आता बांगड्याकडे ये. तो मूळचाच चरबीचा मासा. टोपलीत ठेवल्यावर थोड्या वेळाने त्याची कातडी फुगून बुडबुडायला लागते, चरबी सुटते आणि मसाल्याचं लाल पाणी घेऊन भोकांतून खाली टपकते. ट्रेमध्ये तिचा पातळ थर पसरतो. त्यात मीठ असतं, हळद-तिखट असतं, सुटलेल्या रव्याचे कण असतात. पाणी उडून गेलं की उरते नुसती चरबी आणि करपलेलं पीठ, आणि त्यावरून सतत तापलेला वारा वाहत असतो. थराच्या कडा आधी तपकिरी होतात, मग काळ्या, आणि तिथून पांढरट निळसर धूर सुटतो. पहिल्या घाण्याला हे सहसा होत नाही, कारण थर करपायच्या आत मासे तयार झालेले असतात. ट्रे न ओतता दुसरा घाणा लावला की होतं. तुमच्याकडेही हेच झालं असणार.

सासूबाईंना लागलेला ठसका नुसत्या तिखटाचा नव्हे, हेही त्यांना सांग. तेल किंवा चरबी फार तापली की तिचे रेणू फुटतात, त्यातून ग्लिसरॉल सुटतं, आणि ग्लिसरॉल आणखी तापलं की त्याचं अ‍ॅक्रोलीन होतं. डोळे चुरचुरतात आणि घसा धरतो तो या अ‍ॅक्रोलीनने. दमा असलेल्या माणसाला तो धूर सोसायला लावू नये. सासूबाई मशीनवर चिडल्या असतील तर त्यांची काही चूक नाही.

उपाय सोपे आहेत. प्रत्येक घाण्यानंतर टोपली उचलून ट्रेमधली चरबी एखाद्या स्टीलच्या वाटीत ओतायची आणि ट्रे कागदाने पुसून घ्यायचा. एवढ्या एका सवयीने निम्म्याहून जास्त घरांतली कटकट संपेल असं माझं ठाम मत आहे. दुसरं म्हणजे चरबीच्या पदार्थाला सुरुवातीपासून 200 अंश लावायचे नाहीत. 180 वर शिजवायचं आणि शेवटची तीन-चार मिनिटं 200 वर न्यायचं, कातडी तितकीच कुरकुरीत होते. तिसरं, टोपलीखालच्या ट्रेमध्ये दोन-तीन चमचे पाणी घालून ठेवायचं. पाणी आहे तोवर तिथली चरबी 100 अंशांच्या फार वर जात नाही. पण काही कंपन्या पुस्तिकेत पाणी घालायला मनाई करतात, म्हणून आधी पुस्तिका उघड. गोव्याकडचं चोरीस, कातडीसकट कोंबडी, डुकराचं मांस हे सगळं याच वर्गातलं; चोरीसाला तर ट्रे मधेच एकदा ओतावा लागतो. गूळ, मध किंवा टोमॅटो सॉस लावलेला पदार्थ असेल तर तो गोड लेप अगदी शेवटी लावायचा. साखर 200 अंशांच्या जवळ काळी पडते आणि तिचा धूर चरबीपेक्षा हट्टी असतो.

तेलाचंही बोलायला हवं, कारण तुमच्याकडे आता लाकडी घाण्याचं तेल येतं. चवीला ते उत्तमच, आणि त्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण न शुद्ध केलेलं शेंगदाणा तेल साधारण 160 अंशांलाच धूर सोडायला लागतं, रिफाइंड केलेलं 230 च्या आसपास. लोण्यात दुधाचे कण असतात, म्हणून लोणी 175 च्या आतबाहेर करपतं. कढवून केलेलं साजूक तूप 250 पर्यंत टिकतं. म्हणजे 200 अंशांवर मासे भाजायचे तर ब्रशने लावायला रिफाइंड तेल किंवा तूप घ्यावं आणि घाण्याचं तेल भाकरीबरोबरच्या चटणीवर घालावं. एकदा तळणात वापरलेलं तेल तर इथे नकोच, वापरागणिक ते कमी तापमानाला धूर सोडतं. स्प्रेच्या डब्यातल्या तेलात बऱ्याचदा लेसिथिन असतं, त्याचा चिकट थर टोपलीवर बसतो आणि निघता निघत नाही. साधा ब्रश बरा.

आता उडणाऱ्या गोष्टी. दिवाळी आली की हा प्रकार घरोघर होणार आहे, म्हणून सविस्तर लिहिते. चिवड्याचे पातळ पोहे एअर फ्रायरमध्ये भाजायचा मोह होतो. पंखा लागला की पोहे टोपलीत थांबत नाहीत. ते वर उडतात, कॉइलच्या वळणांत जाऊन बसतात आणि तिथेच जळतात. धूर काळपट असतो, वास जळक्या कागदाचा, आणि खाली बघावं तर चिवडा अजून पांढराच. सुटा कढीपत्ता, कसुरी मेथी, उडदाचा पापड यांचंही तेच. पापडावर छोटी स्टँडची जाळी ठेवता येते. पातळ पोहे मात्र कढईतच भाजावेत, या मशीनचं ते काम नाही. बटर पेपर पदार्थाच्या वजनाखाली दबलेला असला तरच ठेवायचा. रिकामं मशीन तापवताना आत नुसता कागद असला तर तो सरळ कॉइलला जाऊन चिकटतो आणि पेट घेऊ शकतो. माशाला लावलेला कोरडा रवासुद्धा वाऱ्याने सुटतो, म्हणून रवा हाताने दाबून बसवायचा आणि वरून तेलाचा ब्रश फिरवायचा. भज्यांचं ओलं पीठ तर भोकांतून गळून थेट ट्रेमध्ये जळतं. कोथिंबीर वडीला ही अडचण नाही, ती आधीच उकडलेली असते.

ट्रे आणि टोपली लख्ख असूनही धूर येत असेल तर कॉइल बघायची. मशीनची पिन काढून ते पूर्ण गार होऊ दे, टोपली-ट्रे बाहेर काढ, मशीन जुन्या टॉवेलवर उलटं ठेव आणि आत टॉर्च मार. काही महिने वापरलेल्या मशीनमध्ये कॉइलवर आणि तिच्याभोवतीच्या पत्र्यावर मधाच्या रंगाचा गुळगुळीत थर दिसतो. तो तेलाच्या उडालेल्या थेंबांचा, तापून तापून वॉर्निश झालेला. मशीन लावलं की पदार्थ आत नसतानाही पहिल्या दोन मिनिटांत जो वास येतो, तो याचाच. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून त्यात भिजवून घट्ट पिळलेला स्पंज आणि मऊ टूथब्रश एवढ्यावर बराचसा थर निघतो. फारच चिवट असेल तर खाण्याच्या सोड्याची लापशी लावून वीस मिनिटं ठेवायची आणि ओल्या फडक्याने पुसून काढायची. तारेची घासणी अजिबात नको. तिचे तुकडे आत अडकतात आणि टोपलीला लागली तर नॉनस्टिकचा थर खरवडला जातो. मशीन नळाखाली धरायचं नाही, आणि पूर्ण वाळल्याशिवाय पिन लावायची नाही.

मागच्या जाळीतून पांढरं काही येतंय ते धूरच असेल असंही नाही. गोठवलेले मटार किंवा धुऊन न पुसलेले बटाटे टाकले की वाफ येते. वाफ हातभर अंतरावर विरते आणि डोळ्यांना लागत नाही. शंका आली तर चिमट्यात स्टीलची ताटली धरून जाळीजवळ क्षणभर ने. ताटलीवर नुसते पाण्याचे थेंब आले आणि फडक्याने ती कोरडी झाली तर वाफ. बोट फिरवल्यावर तेलकट माखलेलं लागलं तर धूर.

अगदी नव्या मशीनला पहिल्या एक-दोन वेळा रासायनिक वास येतो, कॉइलवरचा कारखान्यातला थर जळतो त्याचा. पुस्तिकेत सांगितलं असेल तितकी मिनिटं खिडक्या उघडून रिकामं चालवलं की तो जातो.

एवढं सगळं अन्नाच्या धुराबद्दल. आता दुसरा धूर, ज्याच्याबद्दल मला खरी काळजी आहे.

वास जळक्या प्लास्टिकचा किंवा रबराचा असेल, धूर मशीनच्या अंगातून, वायरीतून किंवा भिंतीवरच्या बोर्डातून येत असेल, तर तो कुठल्याही साफसफाईने जाणार नाही. ही मशीनं साधारण 1400 ते 1700 वॅटची. 1500 वॅट म्हणजे 230 व्होल्टला साडेसहा अँपिअर. स्वयंपाकघरातला मिक्सरचा छोटा सॉकेट 6 अँपिअरचा असतो. म्हणून मशीनला जाड पिन दिलेली असते आणि तिला 16 अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो. पण ओट्यावर तो पॉइंट मायक्रोवेव्हने अडवलेला असतो, मग दुकानातून कन्व्हर्जन प्लग आणून जाड पिन छोट्या सॉकेटमध्ये बसवली जाते, नाहीतर एक्स्टेंशन बोर्ड लावला जातो. अर्धा तास मशीन चाललं की तो जोड तापतो, प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. मशीन बंद करून थोड्या वेळाने पिनेच्या प्लास्टिकला हात लावून बघ. ते चटका बसण्याइतकं गरम असता कामा नये.

क्वचित दोष कारखान्यातलाच असतो. 2023 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत कोसोरी कंपनीने सुमारे 20 लाख एअर फ्रायर परत मागवले, कारण आतल्या तारांचा एक जोड जास्त तापत होता. त्याआधी आग, वितळणं, अति तापणं किंवा धूर अशा 205 तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या आणि 10 जणांना किरकोळ इजा झाली होती. त्या घरांतल्या बायकांनी ट्रे कितीही घासले असते तरी काही उपयोग नव्हता. म्हणूनच म्हणते, धूर दिसला की तो कुठून येतोय ते आधी बघ.

आणि ऐन वेळी काय करायचं ते घरात सगळ्यांना माहीत हवं, स्वयंपाकाच्या ताईंनासुद्धा. भिंतीवरचं बटण बंद करायचं, चिमणी लावायची, खिडकी उघडायची, आणि धूर थांबेपर्यंत टोपली-ट्रेचा ड्रॉवर ओढायचा नाही. आत ठिणगी असेल तर ड्रॉवर ओढल्याबरोबर तिला हवा मिळते. ज्वाळा दिसली तरी पाणी मारायचं नाही. चरबी उसळते आणि विजेचा धोका असतो तो वेगळाच. बोर्डच जळत असेल तर बटणाला हात न लावता मेन एमसीबी पाडायचा, घराबाहेर पडायचं आणि 101 ला फोन करायचा.

तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत लव्हबर्डचा पिंजरा आहे, तो दुसऱ्या खोलीत हलवा. नॉनस्टिकचा टेफ्लॉन थर 260 अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतो, आणि अति तापलेल्या थराचे वायू पक्ष्यांच्या फुप्फुसांना सोसत नाहीत, त्यात ते मरतात. एअर फ्रायर एरवी तितका तापत नाही, पण बिघडलेल्या मशीनची खात्री कोण देणार? शिवाय चरबीचा धूरही त्यांना वाईटच.

मशीन भिंतीला चिकटवून ठेवलं असेल तर मागे वीतभर जागा सोड, गरम हवा मागच्या जाळीतून बाहेर पडते. मग मागच्या मॉडेल नंबरच्या पट्टीचा, पिनेचा आणि उलटं करून दिसणाऱ्या कॉइलचा असे तीन फोटो मला पाठव. पिनेवर डाग नसेल तर मशीन परत करायचं काही कारण नाही. कॉइल पुसून घे, आणि बांगडे 180 वर, मधे ट्रे ओतून, पुन्हा करून बघा. डाग असेल तर वॉरंटीच्या कागदांसकट सर्व्हिस सेंटरला न्या आणि तोवर मशीन लावू नका.

सासूबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
मावशी