पाहण्याचा वेळ, टिपण्याचा वेळ

छायाचित्रणाच्या छंदाला दोन प्रकारचा वेळ लागतो. इतरांची छायाचित्रे पाहण्यात नजर तयार होते आणि स्वतः कॅमेरा घेऊन बाहेर पडण्यात हात तयार होतो. दोन्हींची गरज असते. मात्र समाजमाध्यमांमुळे पाहणे अमर्याद झाले आणि टिपणे मागे पडू लागले. या दोहोंचे प्रमाण आयुष्याच्या टप्प्यांनुसार कसे बदलत गेले, हे मावळात नीट दिसते.

पुणे–लोणावळा लोकलमार्गावर वडगाव आणि कामशेतच्या मध्ये कान्हे हे स्थानक आहे. जुन्या मुंबई–पुणे महामार्गावरच्या कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे वळले की आंदर मावळ लागतो. या भागात वाढून आता पन्नाशीला पोहोचलेल्या हौशी छायाचित्रकाराच्या लहानपणी घरात कॅमेरा क्वचितच असे. फोटो म्हणजे लग्नातला, शाळेच्या वर्गाचा किंवा स्टुडिओत उभे राहून काढलेला. तरुणपणी हातात आलेल्या कॅमेऱ्यात ३६ चौकटींचा रोल असे. तो धुऊन येईपर्यंत चूक कळत नसे, आणि प्रत्येक चौकटीला पैसे पडत असल्याने बटण दाबण्यापूर्वी विचार होई. पाहायला मिळत ती दिवाळी अंकातली, दिनदर्शिकेवरची किंवा एखाद्या प्रदर्शनातली छायाचित्रे. ती थोडी असत, म्हणून पुन्हा पुन्हा पाहिली जात.

डिजिटल कॅमेऱ्याने चौकटीचा खर्च संपवला. चूक जागच्या जागी दिसू लागली आणि सरावाला वेग आला. २०१० मध्ये इन्स्टाग्राम सुरू झाले, २०१६ पासून मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि २०२० मध्ये रील्स आल्या. कान्हे ते पुणे हा लोकलचा प्रवास सुमारे तासाभराचा. पूर्वी वर्षभरात जितकी छायाचित्रे पाहण्यात येत, त्याहून अधिक आता या एका प्रवासात बोटाखालून सरकतात.

या पाहण्याचे लाभ खरे आहेत. खेड्यातल्या मुलाला जगातल्या उत्तम छायाचित्रकारांचे काम फुकट पाहता येते, छायाप्रकाशाची जाण येते, समान आवडीची माणसे भेटतात. हानीही तितकीच खरी आहे. धुक्यातला लोहगडाचा विंचूकाटा, पवना जलाशयाकाठचे तंबू, दुधासारखा दिसणारा धबधबा अशा ठरावीक दृश्यांना दाद मिळते आणि तीच दृश्ये काढण्याचा मोह होतो. मोबाइलच्या उभ्या पडद्यासाठी चौकट उभी धरण्याची सवय लागते. भातखाचरांचा आडवा पसारा आणि लांबलचक लोकल त्या चौकटीत मावत नाही. सर्वांत मोठा फरक मोबदल्याच्या वेळेचा आहे. माध्यमावर दाद काही मिनिटांत मिळते, तर सरावाचे फळ ऋतू उलटल्यावर दिसते. लवकर मिळणाऱ्या गोष्टीकडे मन आपोआप ओढले जाते.

पाहण्याचा अतिरेक आणि त्यातून कामाकडे वळणे, या दोन्हींचे मोठे उदाहरण याच परिसराशी जोडलेले आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईहून मळवलीला आला होता. मळवली म्हणजे लोणावळ्याच्या दिशेने कान्ह्यापासून दुसरे स्थानक. त्या छापखान्यासाठी काम केलेले धुंडिराज गोविंद फाळके हे छायाचित्रकार होते. गोध्र्यात त्यांचा स्टुडिओ होता आणि पुरातत्त्व खात्यातही त्यांनी नोकरी केली होती. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्तचरित्रावरचा चित्रपट पाहिल्यावर त्यांना चित्रपटांचा ध्यास लागला. रोज कित्येक तास ते चित्रपट पाहत आणि झोप जेमतेम घेत. त्या ताणाने काही काळ त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. उपचारांनंतर ती परत आली.

त्यांच्या पाहण्याला मात्र प्रश्न जोडलेला होता: हे कसे केले आहे आणि इथे कसे करता येईल? १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने थोडी थोडी चित्रित केली. रोप वाढेल त्या गतीने काम पुढे सरकले, आणि त्या छोट्या चित्रणाने भांडवल देणाऱ्याचा विश्वास मिळवला. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. पाहिलेले किती यापेक्षा त्यातून कोणते काम उभे राहिले, हे मोजायचे असते, असे फाळक्यांचे आयुष्य सांगते.

कान्ह्याच्या परिसरात अशा कामाला वर्षभर विषय आहेत. पावसाआधी राब भाजताना उठणारा धूर, जुलैत चिखलातली भातलावणी, सप्टेंबरात सोनकीने पिवळे झालेले उतार, दिवाळीच्या सुमारास कापणीला आलेला इंद्रायणी भात, थंडीत नदीवर साचणारे धुके. प्रत्येक विषय एक वेगळा धडा देतो. लावणी करणाऱ्या हातांवरून उडणारा थेंब गोठवायला सेकंदाचा पाचशेवा भाग लागतो; धबधब्याचे पाणी रेशमी दिसायला तिपाई आणि अर्धा सेकंद लागतो; धावती लोकल स्पष्ट आणि मागचे शेत पुसट हवे असेल, तर सेकंदाच्या तिसाव्या भागात कॅमेरा गाडीबरोबर फिरवावा लागतो. यातले काहीही केवळ पाहून अंगवळणी पडत नाही.

म्हणून समतोल साधताना माध्यम सोडून देण्यापेक्षा त्याची जागा ठरवणे उपयोगी पडते. सकाळचा आणि संध्याकाळचा तिरपा प्रकाश कॅमेऱ्यासाठी राखावा. पाहणे दुपारी किंवा प्रवासात उरकावे. पाहताना एकाच छायाचित्रापाशी थांबून प्रकाश कुठून आला, छायाचित्रकार कुठे उभा होता हे शोधावे आणि पुढच्या फेरीत ते करून पाहावे. काढलेले छायाचित्र त्याच दिवशी टाकू नये. काही आठवड्यांनी निवड केली, तर उत्साह निवळलेला असतो आणि दोष दिसतात. ज्यांचे छायाचित्र काढले त्यांची आधी परवानगी घ्यावी आणि नंतर कागदावरची प्रत त्यांना द्यावी. शेतातल्या बाईने स्वतःचा फोटो हातात धरून दिलेली दाद शेकडो अनोळखी अंगठ्यांहून अधिक शिकवते.

काय टाकावे इतकाच काय टाकू नये हाही विचार हवा. पावसाळ्याच्या तोंडावर मावळात काजवे चमकतात. तो प्रकाश त्यांच्या मीलनाचा संकेत असतो. बॅटरी, फ्लॅश आणि गाड्यांच्या दिव्यांनी त्यात व्यत्यय येतो. अशा जागेचा नेमका पत्ता छायाचित्रासोबत दिल्यास गर्दी तिथवर पोहोचते. पत्ता न देणे ही छायाचित्रकाराची विषयाप्रती जबाबदारी आहे.

उतारवयात या छंदाचे मोल आणखी बदलते. महामार्गालगतची शेते इमारतींखाली जात असताना जुनी साधी छायाचित्रे गावाची नोंद ठरतात. ती टिकवायची, तर निगेटिव्ह, छापील प्रती आणि हार्ड डिस्क नीट ठेवाव्या लागतात, तारीख, ठिकाण आणि माणसांची नावे लिहावी लागतात. खाते बंद पडू शकते, माध्यमाची पद्धत बदलू शकते. त्यामुळे माध्यमाला दिलेल्या वेळातला काही भाग या नोंदींकडे वळवणे हेही समतोलाचेच काम आहे. पाहणे, टिपणे आणि जपणे या तिन्हींना वेळ मिळाला, तरच छंद आयुष्यभर पुरतो.