शेंड्याचा उडालेला रंग

चिऊ,

तुझ्याकडचा व्हायोलिन दुरुस्त करणारा माझ्या जुन्या वाद्याच्या शेंड्याच्या गुंडाळीला पॉलिश मारून देतो म्हणतोय. नको म्हणून सांग. तो रंग माझ्या उजव्या पावलाने उडवलाय.

हिंदुस्थानी वाजवताना आपण मांडी घालून बसतो आणि गुंडाळी पावलावर टेकवतो. वाद्य पेलायचं काम पायाकडे गेलं की डावा हात मींडेसाठी तारेवरून हवा तेवढा सरकतो. पहाटे पाचला तानपुऱ्यावर मी तासभर नुसता लांब गज ओढायचो. आधी षड्ज, मग पंचम. तुझी आजी आतून विचारायची, "अरे, गाडी पुढच्या स्टेशनात कधी जाणार?"

हनुवटीपाशी झिजलंय ते दुपारचं. माझे सर गोव्याचे, मुंबईत धोबीतलावला कुडात, म्हणजे गोवेकरांच्या वसतिगृहात, राहायचे. गावच्या चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेले. अशाच गोवेकरांच्या जिवावर हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद उभे होते. त्यांच्यासमोर ताठ उभं राहून क्रॉयट्झरचे ४२ अभ्यास वाजवायचे. त्याआधी तारांचे सूर बदलायचे. सकाळी प-सा-प-सा, म्हणजे ए-डी-ए-डी, आणि सरांकडे जी-डी-ए-ई. मधल्या दोन तशाच, कडेच्या दोन एकेक सुराने खालीवर. दुसरं व्हायोलिन घ्यायची ऐपत नव्हती. या रोजच्या ओढाताणीत एकदा ऐन रेकॉर्डिंगच्या सकाळी वरची तार तुटली.

संध्याकाळी जॅझ. सर जॅझ व्हायोलिनवादक ग्रापेलीची रेकॉर्ड लावत. १९३४ साली पॅरिसात जमलेलं त्याचं पंचक: एक व्हायोलिन, तीन गिटार, एक बास. ड्रम नाहीत, ठेकाही गिटारांचाच. मेट्रोनोम ६० वर, पण टिकटिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरायची. माझा हात समेला चटावलेला, त्यामुळे महिनाभर मी प्रत्येक वेळी चुकीच्या जागी पडत होतो. बारा बारचा ब्लूज म्हणजे ४८ मात्रा, तीनतालाची तीन आवर्तनं. हिशेब चटकन बसला, हात बसेना. कारण तिथे खालचे कॉर्ड सरकतात. आत्ता जो सूर घरचा होता तो चार मात्रांनी पाहुणा होतो. मी आलो होतो षड्ज तसूभर न हलणाऱ्या मुलखातून.

एकदा ब्लूजमध्ये दोन्ही गंधार लागोपाठ ऐकले आणि मी ओरडलो, "सर, हा तर राग जोग!" सर म्हणाले, "जोग घरी. इथे कान उघड."

तेव्हा राग आला. पण त्यांचं बरोबर होतं असं मला आजही वाटतं. माझी मींड क्रॉयट्झरमध्ये झिरपायची, सरांकडचं व्हायब्रेटो सकाळच्या गंधारावर थरथरायचं आणि तिन्ही रियाज बिघडायचे. तू मंचावर हवं ते एकत्र कर. रियाजात भेळ नको.

आणि हो, चौथ्या तारेची खुंटी घसरत असणार. रोज पिळून पिळून तिचं भोक मोठं झालंय. तेवढी मात्र त्या दुरुस्तीवाल्याकडून बसवून घे.

तुझा,
मामा