बुजलेली सोंड

आमच्या नेवासे तालुक्यात शेततळं म्हणजे उन्हाळ्याची बेगमी. त्यात मी मोत्यांसाठी शिंपले टांगले, तेव्हा गावाने हसून घेतलं. शिंपले प्रवरासंगमच्या बाजूचे, जायकवाडीच्या फुगवट्यातले. भोई पोत्यातून आणून देतात. मी आठ सेंटिमीटरच्या वरचे तेवढे ठेवून घेतो.

दोन दिवस थोड्या पाण्यात दाटीने ठेवले की शिंपल्याचा स्नायू सैलावतो. मग पाचर घालून तोंड उघडायचं, जेमतेम एक सेंटिमीटर. पहिल्या वर्षी आतलं नीट दिसावं म्हणून मी जास्त फाकवलं. तो स्नायू फाटला की शिंपला पुन्हा मिटत नाही. आठवडाभरात टबाला असा वास सुटला की बायकोने ताटं ओसरीवर नेली.

शिंप आणि आतला मांसल पडदा यांच्यामध्ये शिंपल्याच्याच भुकटीचा छोटा गणपती सरकवायचा. शिंप घडवणं हे त्या पडद्याचं रोजचं काम. मध्ये काही आलं तर त्याच्यावरही तो थर चढवत राहतो: चुन्याच्या सूक्ष्म चकत्या आणि त्यांना धरून ठेवणारं प्रथिन. स्वातीच्या थेंबाची गोष्ट गोड आहे, पण शिंपला खरा गवंडी. शिंपल्यात मोती पिकवू पाहणाऱ्या जपानच्या मिकिमोतोंना १८९३ साली मिळालेला मोतीही असाच शिंपेला चिकटलेला, अर्धगोल होता. आपल्याकडे गोड्या पाण्यातलं हे तंत्र भुवनेश्वरच्या ‘सीफा’ संस्थेने बसवलं.

पुढे वर्ष-दीड वर्ष जाळीच्या पिशव्या पाण्यात लोंबत्या. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यातलं पाणी नितळ, आणि नितळ पाण्यात शिंपला उपाशी. शेणकाला सोडून पाणी हिरवट राखावं लागतं.

‘सगळा माल आम्हीच उचलू’ म्हणणाऱ्या एकाने माझे गणपती परत केले. सोंड ठसठशीत नाही, म्हणाला. अहो, थर जाड चढला की सोंड बुजणारच! कोरीव दिसतो तो घाईने काढलेला.

गोल मोती घेतानाही थरच बघावा. मणी घालून वाढवलेला असेल, तर वेजाशी भिंग धरल्यावर तो मणी आणि वरचा थर यांची सीमा बहुधा दिसते. दाताने घासून खरखर लागली तर काचेचा किंवा प्लॅस्टिकचा नाही, एवढंच कळतं. नैसर्गिक की संवर्धित, ते क्ष-किरणांनाच विचारावं. आकारापेक्षा पाणी बघा. पांढऱ्या कापडावर ठेवून मोती फिरवला की खिडकी त्यात स्वच्छ उमटली पाहिजे, दुधाळ डागासारखी नव्हे.

आत्याला यातलं काही सांगावं लागलं नाही. बसऱ्याच्या मोत्यांची नथ सांभाळलेली बाई ती. परत आलेल्या मालाचं ताट तिने उजेडाला नेलं, चार-पाच गणपती अंगठ्याने बाजूला सारले आणि सगळ्यांत बुजलेल्या सोंडेचा उचलला.

“हा दे रे. बाकीचे अजून कच्चे आहेत.”