न वाचलेला कागद

आमच्या कोरेगाव तालुक्यात कुणाला गुंठाभर जमीन घ्यायची झाली, तरी आधी सातबारा निघतो, जुने फेरफार पाहिले जातात, चतुःसीमा पायी फिरून तपासल्या जातात. वडिलांनी हे माझ्या हाडीमाशी भिनवलं होतं. तरीही बंगळुरूच्या महादेवपुऱ्यात सगळी बचत ओतून मी फ्लॅट घेतला, तेव्हा त्याचे मूळ कागद वाचले नाहीत. ते कन्नडमध्ये होते आणि मला कन्नड येत नव्हतं. तोवर या शहरात राहून मला बरीच वर्षं झाली होती.

त्या चुकीचं मूळ घरखरेदीच्या कितीतरी आधीचं आहे. मी इथे आलो तोच ‘दोन-तीन वर्षांत पुण्याला बदली घ्यायची’ असं ठरवून. त्यामुळे मतदारयादीत नाव घातलं नाही, शेजार जोडला नाही, भाषा शिकलो नाही. महादेवपुऱ्यातली हूडी, गरुडाचारपाळ्या, कुंदलहळ्ळी ही एकेकाळची नाचणीच्या शेतांची आणि तळ्यांची गावं. आयटी पार्क आणि रिंग रोड आले तशी ती भराभर बांधली गेली आणि 2007 मध्ये महादेवपुरा नगरपालिका महानगरपालिकेत विलीन झाली. या भागातला मूळचा माणूस कन्नड, तेलुगू, तमिळ सहज बोलतो. माझं मात्र ऑफिसात इंग्रजीवर आणि बाहेर हिंदीवर भागत होतं, म्हणून भागतंय तेवढं पुरे असं मी मानलं. बदली झाली नाही. लग्न झालं, मुलगी झाली, भाड्याचा आणि डिपॉझिटचा कंटाळा आला आणि मी घर शोधायला लागलो.

एजंट म्हणाला, “बी-खाता आहे सर, इकडे सगळ्यांचंच असतं.” भाव आजूबाजूपेक्षा कमी होता. तो कमी का, हे मी विचारलं नाही. ज्या शेतजमिनीचं रीतसर बिगरशेती रूपांतर झालेलं नाही किंवा जिथलं बांधकाम मंजुरीबाहेरचं आहे, अशा मिळकतींची नोंद इथे वेगळ्या ‘बी’ नोंदवहीत ठेवत. ती नोंद कर भरण्यापुरती असते, तिने मालकी पक्की होत नाही. माझी सरकारी बँक कर्ज द्यायला तयार होईना, तेव्हाच मी थांबायला हवं होतं. मी उलट जास्त व्याजाने खासगी वित्तसंस्थेचं कर्ज काढलं आणि मनाची समजूत घातली, की बँका उगाच ताणतात.

काही वर्षांनी वडिलांच्या आजारपणात पैशांची गरज पडली आणि फ्लॅट विकायला काढला. गिऱ्हाइकं येत, घर पसंत करत, त्यांच्या बँका कागद पाहत आणि बोलणी तिथेच मोडत. शेवटी हूडीतल्या एका निवृत्त शिक्षकांकडे फाइल घेऊन गेलो. त्यांना सगळे ‘मेष्ट्रे’ म्हणतात. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. जमीन शेतीचीच असल्याचं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. “इदन्न तोगोळ्ळो मोदले ओदबेकित्तु, सार,” ते म्हणाले. घेण्याआधीच वाचायला हवं होतं. कुणी माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. सगळं त्या कागदावरच होतं, वाचणारा नव्हता. फ्लॅट विकला गेला नाही. वडिलांच्या उपचारासाठी भावाने गावची जमीन गहाण टाकली. ते ओझं त्याने वाहिलं आणि त्याला कारण मी होतो.

त्याच सुमारास कामानिमित्त काही महिने अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात राहिलो. तिथे वूमेल्सडॉर्फ या छोट्या गावात कॉनराड वायझर या जर्मन वसाहतकाराची वास्तू जतन करून ठेवली आहे. त्याची कहाणी वाचली आणि ती माझीच वाटली. 1709 मध्ये युद्ध, उपासमार आणि कडाक्याच्या हिवाळ्याने पिचलेले ऱ्हाइनकाठचे हजारो जर्मन लंडनला पोहोचले. त्यातल्या सुमारे तीन हजारांना इंग्रज सरकारने 1710 मध्ये न्यूयॉर्कला धाडलं. जहाजभाड्याची फेड म्हणून आरमारासाठी पाइन झाडांपासून डांबर बनवायचं, असा करार होता. प्रवासात आणि पोहोचल्यावर शेकडो माणसं तापाने मेली, डांबराचा उद्योगही बुडाला. मग बरीच कुटुंबं स्कोहारीच्या खोऱ्यात गेली. तिथल्या मोहॉक या मूळनिवासी लोकांनी त्यांना राहू दिलं. या जर्मनांनी रान साफ केलं, घरं बांधली, पिकं घेतली आणि नंतर कळलं, की गव्हर्नरने त्या जमिनीची सनद आल्बनीच्या धनिकांना दिली आहे. वायझरचा बाप 1718 मध्ये दाद मागायला लंडनला गेला आणि कर्जापायी तुरुंगात पडला.

बिचारे परके, भोळे, कागदाने फसलेले! मी हाच अर्थ घेऊन परत आलो. ही माझी आणखी एक चूक. त्या कहाणीतून मी फक्त माझ्या दुःखाला सोबत शोधली.

2024 च्या मार्चमध्ये महादेवपुऱ्यात पाण्याचे हाल झाले. कावेरीच्या पाचव्या टप्प्याचं पाणी यायला ऑक्टोबर उजाडायचा होता, तोवर आमची इमारत बोअरवेल आणि टँकरवरच होती. मी तेव्हा सोसायटीच्या समितीवर होतो. एका सकाळी टाकी कोरडी होती. वॉल्व्ह सोडणारा मुलगा वर आला आणि कन्नडमध्ये भराभर सांगू लागला. बोअरची मोटर जळली आहे, दुरुस्तीला पैसे लागतील, तोवर टँकर मागवा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. तो पैसे मागतोय, इतकंच माझ्या डोक्यात शिरलं. टँकरवाल्यांशी संगनमत करून याने पाणी अडवलंय, असं मी ठरवून टाकलं. सगळ्यांसमोर त्याला नको ते बोललो आणि कंत्राटदाराला सांगून कामावरून काढायला लावलं. दुपारी मेकॅनिकने मोटर वर काढली. ती जळालेलीच होती.

मी त्याला शोधायला गेलो, तेव्हा खोली रिकामी होती. शेजारच्यांनी सांगितलं, तो रायचूरकडचा, गावी परत गेला. तोही माझ्यासारखाच पोटासाठी इथे आलेला होता. त्याची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

त्यानंतर वायझरची कहाणी पुन्हा वाचली आणि पहिल्यांदा नजरेतून निसटलेलं दिसलं. 1712-13 च्या हिवाळ्यात, सोळा वर्षांचा असताना, बापाने त्याला मोहॉक लोकांत राहायला पाठवलं होतं. थंडी, भूक, भीती सोसत तो त्यांची भाषा शिकून आला आणि पुढे पेन्सिल्व्हेनियाचा दुभाषी झाला. 1744 च्या लँकेस्टरच्या तहात वसाहतवाले आणि मूळनिवासी या दोन्ही बाजूंचं बोलणं त्याच्याच तोंडून पोहोचलं. ज्यांच्यात राहायचं त्यांची भाषा तो ऐन गरजेच्या काळात शिकला, मी सुस्थितीत असून शिकलो नाही. याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. स्कोहारी सोडून काही जर्मन कुटुंबं 1723 मध्ये टल्पहॉकनला जाऊन वसली. ती जमीन लेनापे या मूळनिवासी लोकांनी तोवर विकलेली नव्हती. त्यांच्या सरदाराने 1728 मध्ये तशी तक्रार केली, खरेदीखत 1732 मध्ये झालं. जे आधी स्वतः बेघर झाले, त्यांनीच दुसऱ्याच्या जमिनीवर नांगर धरला. पुढे वायझरच्या भाषेचाही उपयोग जमिनी मिळवणाऱ्यांना झाला. म्हणजे नुसती भाषा येऊन माणूस न्यायी होत नाही. पण ती नसेल, तर आपण कुणावर अन्याय करतोय हेही कळत नाही. फसवल्या गेलेल्या माणसाच्या हातूनही अन्याय होतो, हे मला त्या मुलामुळे कळलं.

बंगळुरूतले आम्ही मराठी लोक जमलो, की शहाजीराजांची जहागीर हमखास निघते. 1638 पासूनचं नातं आहे, म्हणून शहर थोडं आपलंही, असं मीही अभिमानाने बोललो आहे. पण शहाजीराजांच्याच दरबारातल्या जयराम पिंड्यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ पाहावा. त्यात कितीतरी भाषांचे कवी भेटतात. राजांनी इथल्या भाषांना दरबारात जागा दिली होती, मी माझ्या घरातही दिली नव्हती. मुलीला मी सांगत असे, ‘कन्नडमध्ये पास झालीस तरी पुरे.’ आपली मराठी पातळ होईल, ही भीती त्यामागे होती. धारवाडच्या मराठी घरातले द. रा. बेंद्रे कन्नडचे थोर कवी झाले, ‘नाकु तंती’साठी त्यांना ज्ञानपीठ मिळालं आणि मराठीतही ते लिहीत राहिले. एवढं उदाहरण समोर असताना ती भीती मी उगाच बाळगली.

आता मेष्ट्रे मला शिकवतात. दुकानाच्या पाट्या, पाण्याची बिलं, महापालिकेच्या नोटिसा मी स्वतः वाचतो, अडतो तिथे मुलगी सांगते. मतदारयादीत नाव आहे. फ्लॅटच्या कागदांचा गुंता अजून पुरता सुटलेला नाही, पण त्यात काय लिहिलंय ते मला कळतं.

नव्याने इकडे येणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे. किती वर्षं राहणार, याचा हिशेब करत बसू नका. पहिल्याच महिन्यात कन्नड अक्षरं गिरवायला घ्या. घराचा व्यवहार करताना खाता, जमिनीचं रूपांतर आणि जुने दस्त कन्नड वाचता येणाऱ्या, व्यवहारात हितसंबंध नसलेल्या माणसाकडून ओळीओळीने समजून घ्या. आणि समोरचा काय म्हणतोय ते कळलं नसेल, तर ते कळेपर्यंत त्याच्यावर ठपका ठेवू नका. घराच्या चुकीने माझे पैसे अडकले, ते आज ना उद्या सुटतील. त्या मुलाची गेलेली नोकरी मला परत देता आलेली नाही.