समोरचा शाहीर

चि. अमोघ,

ऑस्टिनच्या त्या गुत्त्यात कंट्री गाणाऱ्या डेल वॉटसनला ऐकलंस, हे वाचून मजा आली. नॅशविलच्या गुळगुळीत गाण्यांवर वैतागून या बाबानं गुत्त्यातलं जुनं हाँकी-टाँक गाणाऱ्यांसाठी २०१४ साली वेगळे पुरस्कारच सुरू केले, म्हणजे गडी हट्टी दिसतो. कोंबडी कुठल्या आकड्यावर शिटते त्यावर पैसे लावायचे आणि शेजारी गाणं चालू, हा प्रकार तर झकासच. तुझ्या आईला मी तो सांगितलेला नाही.

आपल्याकडे असं कोणी आहे का, असं विचारतोस. आहेत की, बाप्पा! तुम्हा धरमपेठेतल्या पोरांचं नागपूर पारडी नाक्यावर संपतं, म्हणून तुला माहीत नाही. भंडारा रोडनं मौद्याकडे लागलं की दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या शेजारच्या. लेकी माहेरी आलेल्या असतात, शिंगाड्यांचे ढीग लागतात, पाळण्यापाशी पोरांची रड चालते, कोपऱ्यात सोयरिकीची बोलणी होतात. आणि मधल्या मोकळ्या जागेत खडी गंमत. पडदा नाही की विंग नाही. शाहीर, मागे झील ओढणारे, ढोलकी, डफ, तुणतुणं, टाळ आणि लुगडं नेसलेला नाच्या, सगळे उभे. लोक चारही बाजूंनी. गण, गौळण होते, लावणी होते, मग सासू-सुनेपासून सरपंचापर्यंत सगळ्यांची टिंगल सुरू.

जमल्यास सुरू व्हायच्या आधीच जाऊन बसावं. दहिवरानं डफाचं कातडं ढिलं पडलेलं असतं. तणसाची पेंढी पेटवून डफवाला त्यावर डफ गोल फिरवतो, बोटानं टिचकी मारतो, कान लावतो, पुन्हा शेकतो. जरा जास्त शेकला तर कातडं तडकणार, म्हणून बोलण्यात लक्ष नसतं त्याचं. तुणतुण्याला एकच तार. बहुधा एखादा नवखा पोरगा ते धरतो आणि तासन्‌तास तोच एक स्वर छेडत राहतो. कंटाळून तो इकडेतिकडे बघायला लागला की शाहीर गाता गाताच डोळे वटारतो.

खरी मजा दुय्यम खडी गंमतीत. म्हणजे दोन पार्ट्या समोरासमोर, एक कलगीची, एक तुऱ्याची. कलगीवाल्यांची शक्ती मोठी, तुरेवाल्यांचा शिव मोठा. आख्यायिका अशी की तुऱ्याचा मूळपुरुष तुकनगीर गोसावी आणि कलगीचा शाहअली फकीर. हे भांडण मिटावं असं आजवर कोणालाच वाटलेलं नाही, कारण त्याच्यावरच सगळा खेळ उभा आहे. एकानं पुराणातलं कोडं घालायचं, दुसऱ्यानं तिथल्या तिथे चालीत उत्तर द्यायचं. अडला की गर्दी त्याला सोडत नाही. जमलं की कोणीतरी नोट पुढे करतो आणि शाहीर कडवं थांबवून देणाऱ्याचं नाव गावासमोर पुकारतो.

तुझा वॉटसन जुना बाज जपतो, नवं काही शिरू देत नाही, असं तू कौतुकानं लिहिलंस. आमचे शाहीर तसले सोवळे नाहीत. काल गाजलेल्या सिनेगीताची चाल आज सवालाला लावतात. शहरातले अभ्यासक यावर नाकं मुरडतात. मला त्यात बिघडलेलं काही दिसत नाही. तुमचं हाँकी-टाँक तरी सोवळ्यातून आलं होतं का? १९३३ साली दारूबंदी उठली, गुत्ते भरले, ज्यूकबॉक्स आले. गर्दीच्या कलकलाटात रेकॉर्ड ऐकूच येत नाही, अशी तक्रार ज्यूकबॉक्सवाल्यानं केली म्हणून गायक अर्नेस्ट टबनं १९४१ च्या रेकॉर्डवर विजेची गिटार घेतली. आज तुम्ही ज्याला जुनं म्हणता, ती त्या वेळची निव्वळ सोय होती. मंडईतल्या शाहिरालाही टिपेलाच गावं लागतं, पाळण्याचा भोंगा बाजूलाच असतो.

म्हणून सभागृहातली खडी गंमत मला पाहवत नाही. वीस मिनिटं, एकच पार्टी, पुढे खुर्च्या, टाळ्या सभ्य. समोरचा शाहीरच नसेल तर सवाल घालायचा कोणाला? अर्थात हे मी पेन्शन खात बोलतोय. शेतमजुरी करून वहीत गाणी जुळवणाऱ्या माणसाला सभागृहाचं बोलावणंही हवंच असतं. पन्नाशीनंतर सरकारचं कलावंत मानधन मिळू शकतं, हल्ली महिन्याला ५,००० रुपये. पण कागद जमवता जमवता माणूस टेकीला येतो. तिकडे वडशाच्या झाडीपट्टी नाटकाला तिकिटाचा धंदा सापडला, त्यातले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्रीही मिळाली. खडी गंमतीला तिकीट लावणार कुठे? ती भर रस्त्यात उभी. गावानं वर्गणी काढली, सुपारी दिली, तर पार्टी येते. नाहीतर त्याच पैशात डीजे येतो, आणि हल्ली तो बऱ्याचदा येतो.

पार्ट्यांचे खेळ यूट्यूबवर आहेत, ऐक. पण त्यावर मत बनवू नकोस, मोबाइलवर डफ डब्यासारखा वाजतो. यंदा तिकीट काढताना भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पळायचं ठेवू नको. पुढचे आठ दिवस तरी हाताशी ठेव. मोटारसायकल माझी, पेट्रोल तुझं. सुट्टे पैसे आण. नाव पुकारून घ्यायची हौस मलाही आहे.

तुझा,
मामा