मडके वाजवून घ्यावे

बाजारात मडके घेताना आमच्या घरच्या बायका ते एका हातावर तोलतात आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवून पाहतात. खणखणीत नाद आला तर मडके घरी येते. बद्द आवाज आला की ते मुकाट्याने ढिगात परत जाते. अल्प किमतीच्या मडक्याची ही परीक्षा कधी चुकत नाही. पण लाखो रुपयांची वस्तू घेताना माणूस ती नेमकी विसरतो. मुंबईच्या बंदरात एका जुन्या मोटर-यॉटवर आम्हांस याचा प्रत्यय आला.

आमचे एक स्नेही नुकतेच सेवानिवृत्त झाले. त्यांचे बालपण रेवदंड्याच्या खाडीकाठी गेलेले. आपली स्वतःची नौका असावी, ही इच्छा त्यांनी सारी नोकरी फायलींच्या गठ्ठ्याखाली दाबून ठेवली होती. छत्तीस फुटी, दोन डिझेल एंजिनांची, पंधरा वर्षे वापरलेली एक यॉट विकाऊ असल्याचे कळताच त्यांनी आम्हांस बोलावून घेतले. किंमत त्यांच्या पुंजीच्या निम्मी होती. एका जुन्या नौकेच्या खरेदीत आम्ही पूर्वी चांगलेच फसलो होतो, हीच आमची योग्यता! बरोबर त्यांच्या ओळखीचे एक वृद्ध तांडेलही होते.

नौकेवर पाऊल ठेवताच दलालाने आम्हांस केबिनमध्ये नेले. पांढऱ्या चामड्याच्या गाद्या, लखलखीत लाकूडकाम आणि चिमुकले स्वयंपाकघर पाहून स्नेह्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला. तांडेल मात्र आत आलेच नाहीत. त्यांनी एंजिनाच्या खणाचे झाकण उचलले, तळाशी साचलेल्या पाण्याचा वास घेतला आणि मग हलकेच एंजिनावर हात ठेवला.

"साहेब, हे यंत्र आताच कुनीतरी जागं केलंय," ते म्हणाले.

आम्हीही हात लावून पाहिला. धातू कोमट होता. ज्यांस हा विषय अपरिचित आहे, त्यांस यात विशेष काय, असे वाटेल. पण झिजलेले डिझेल एंजिन आपले दुखणे सांगते ते थंड असताना. गिऱ्हाईक येण्यापूर्वी ते चालवून तापवून ठेवले, की पहिल्याच कळीला सुरू होते आणि धूरही बेताचा सोडते. निजलेल्या माणसाची नाडी पाहावयाची, तर त्यास आधी धावावयास लावून कसे चालेल?

आता प्रश्न होता तो स्नेह्यांस हे सांगण्याचा. इतक्या वर्षांनी ज्या माणसाच्या डोळ्यांत खाडीचे पाणी पुन्हा चमकले, त्याला आपण होऊन निराश करावयाचे! क्षणभर आम्हांस वाटले, गप्प बसावे. नौका त्यांची, पैसा त्यांचा. पण आम्ही फसलो तेव्हा आमच्याबरोबर आलेले गृहस्थ असेच भिडेखातर गप्प बसले होते, हे आम्ही विसरलो नव्हतो. आम्ही सांगितले. स्नेही काही बोलले नाहीत. मात्र परतीच्या वाटेवर त्यांनी आमच्याकडे पाहण्याचेही टाळले.

तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी ते आम्हांस घेऊन पुन्हा गेले. एंजिनांस रात्रभर कोणी हात लावू नये, असे त्यांनी बजावून ठेवले होते. उजवे एंजिन चौथ्या प्रयत्नास सुरू झाले आणि पांढरा धूर दहा मिनिटे झाली तरी विरेना. समुद्रात नेऊन पुरता वेग दिला, तेव्हा 2,800 फेरे व्हावयाचे तेथे काटा 2,450 वर अडला. काळा धूर दिसला तर एंजिनावर अतिभार आहे किंवा इंधन नीट जळत नाही, निळा दिसला तर ते तेल जाळते आहे, आणि पांढरा थांबेचना तर इंधन न जळताच बाहेर पडते आहे किंवा पाणी आत शिरते आहे, असा सर्वसाधारण आडाखा आहे.

पुढे स्नेह्यांनी स्वतःच्या खर्चाने एक तज्ज्ञ परीक्षक नेमला. विकणाऱ्याने सुचविलेला नको, एवढी अक्कल त्यांस आता आली होती. नौका पाण्याबाहेर काढली गेली. परीक्षक लहानशा हातोडीने फायबरग्लासचा तळ आणि वरची फळी टकटक वाजवीत चालला, तेव्हा आम्हांस घरच्या मडक्याची आठवण झाली. बहुतेक ठिकाणी नाद स्वच्छ होता. पण दोर बांधावयाच्या खुंट्यांभोवती तो बद्द येऊ लागला. स्क्रूंच्या भोकांतून पाणी झिरपून फायबरग्लासच्या दोन थरांमधील बाल्सा लाकूड कुजले होते. तळावर बारीक फोड होते. एक फोडताच आंबट वासाचा द्रव निघाला. खाऱ्या पाण्यात मूळ धातू वाचावा म्हणून जस्ताचे तुकडे लावतात. स्वतः झिजून इतरांस वाचवणे हाच त्यांचा धर्म. येथे ते जुने असूनही कोरे करकरीत होते. म्हणजे त्यांचा धातूशी संबंधच तुटलेला होता. तेलाच्या नमुन्यात सोडियम सापडले, तेव्हा समुद्राचे पाणी आतवर पोहोचल्याची शंका बळावली. दुरुस्तीचा अंदाज किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या घरात गेला. आणि नौकेच्या वार्षिक निगेस किमतीच्या दहाव्या हिश्श्याइतका खर्च धरावा, असा ढोबळ हिशेब आहे, तो वेगळाच!

स्नेह्यांनी ती नौका सोडली. त्यानंतर बरेच दिवस ते आमच्याकडे फिरकले नाहीत. मैत्रीही त्या सौद्यात बुडाली, असे आम्ही धरून चाललो होतो. नारळी पौर्णिमेस मात्र त्यांचा निरोप आला : नारळीभातास यावे. तांडेलही आले होते. जेवणे झाल्यावर स्नेही हळूच म्हणाले, "त्या दिवशी मला तुमचा फार राग आला होता. एंजिन कोमट असल्याचे माझ्याही हाताला कळले होते हो! पण ते मनाला कळू द्यावयाचे नव्हते."

आम्ही निरुत्तर झालो. एंजिनाचा धूर, तळाचा नाद, तेलातील क्षार या साऱ्यांस परीक्षक मिळतात. आपल्या इच्छेवर टिचकी मारून तिचा नाद ऐकावयाचा, तर ते काम ज्याचे त्यासच करावे लागते.

स्नेही सध्या दुसरी नौका पाहत आहेत. ती पहिलीपेक्षा आठ फुटांनी लहान आहे.