कुलूप आधी, किल्ली नंतर

नाताळच्या खेळात बर्फ असतोच. खेळ उघडला की एक मोठं घर दिसतं. दाराला हिरव्या डहाळ्यांचं गोल कडं, खिडकीत मेणबत्ती, अंगणात बर्फाचा माणूस. त्याच्या पोटावर गुंड्यांसाठी तीन खड्डे, पण गुंड्या दोनच. या खेळांत मुरलेला माणूस इथंच थबकतो. घराची शोभा आणि मागं वाजणारं गोड संगीत नंतर बघता येईल. तिसरी गुंडी आसपास कुठंतरी आहे, आणि ती मिळेपर्यंत बर्फाचा माणूस हातातला झाडू सोडणार नाही. झाडू मिळाला की पायरीवरचा बर्फ लोटायचा, खाली किल्ली, किल्लीनं दार. दार उघडलं की आत आणखी सात कुलपं.

मी राहूचा. भीमा आणि मुळा-मुठा यांच्या मधल्या बेटातला. चारी बाजूंनी ऊस, मधे मधे गुऱ्हाळांचा धूर. बर्फ आम्हाला ठाऊक आहे तो रसवंतीवरचा, गोणपाटात गुंडाळलेला. तरी दर डिसेंबरला मी फोनवर एखादा नाताळचा कोड्यांचा खेळ उतरवून घेतो आणि पुरवून पुरवून खेळतो. याला कारण शेतीची वीज. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात गव्हाला किंवा उसाला पाणी द्यायचं तर थ्री फेज येईपर्यंत जागं राहावं लागतं. बिबट्यामुळं उसाच्या कडेला एकट्यानं बसायची सोय उरलेली नाही. मग मोटारीच्या खोलीत दार ओढून बसायचं आणि परदेशातल्या कुठल्याशा वाड्यातली कुलपं काढायची. गोळ्या झाडायच्या किंवा गाड्या पळवायच्या खेळात जीव रमत नाही. ते दमवतात. हे खेळ घाई करत नाहीत, मोटार चालू करायला उठलो तरी तसेच थांबून राहतात.

असे खेळ ढिगानं निघतात. एलिफंट गेम्स नावाच्या कंपनीची तर ‘ख्रिसमस स्टोरीज’ अशी मालिकाच आहे. तिचा पहिला खेळ २०१२ साली आला, हॉफमन या लेखकाच्या अक्रोडफोड्या बाहुल्याच्या गोष्टीवर. या प्रकाराचं कूळ मात्र जुनं. विल क्राउथर नावाचा एक अमेरिकन प्रोग्रॅमर गुहा धुंडाळायचा. केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेच्या ओळखीवर त्यानं १९७५-७६ च्या सुमारास एक खेळ लिहिला आणि १९७७ मध्ये डॉन वुड्सनं तो वाढवला. त्यात चित्र नव्हतंच. गुहेचं वर्णन वाचायचं आणि काय करायचं ते एकदोन शब्दांत टंकायचं. आजच्या बर्फाळ वाड्यांचा तो मूळपुरुष.

सोडवणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे मोजणं. जे जे मोजता येतं ते संख्येच्या कुलपाचं असू शकतं. झाडावरचे लाल गोळे, शेकोटीवर टांगलेले मोजे, घड्याळाचे काटे. दुसरं काम, विजोड वस्तू हेरणं. चार खिडक्यांना पडदे आणि पाचवीला नाही, तर पाचवीकडे बघायचं. तिसरं काम आवाज चालू ठेवण्याचं. घंटांचं कुलूप असेल तर सूर कुठंतरी आधीच वाजवून दाखवलेले असतात, आणि आवाज बंद करून खेळणारे नेमके तिथं अडतात. मी वही ठेवतो. पुतणी हसते, म्हणते, “काका, स्क्रीनशॉट काढा की!” पण स्क्रीनशॉटमध्ये सगळंच सारख्या मोलाचं दिसतं. वहीत उतरवताना हात निवड करतो.

थोडा हिशोबही लागतो. चार आकड्यांच्या कुलपाच्या दहा हजार शक्यता, तिथं अंदाजपंचे चालत नाही. पण चारही आकडे माहीत आहेत, वेगवेगळे आहेत आणि फक्त क्रम ठाऊक नाही, तर चोवीसच शक्यता उरतात. अशा वेळी मी खुशाल एकेक करून बघतो. काहींना ती लबाडी वाटते. मला वाटतं, चोवीसवर आणून ठेवलं हेच निम्मं सोडवणं झालं.

खरी अडचण यापुढं. एका खेळात दिवाणखान्यातल्या कपाटाला चार आकड्यांचं कुलूप होतं आणि वर चार चित्रं: दूध काढणारी मुलगी, हंस, अंगठी, तितर. प्रत्येक चित्रात एकच. मोजायला काही नाही. उत्तर होतं ८, ७, ५, १. नाताळच्या बारा दिवसांचं एक जुनं इंग्रजी गाणं आहे. त्यात रोज वाढत जाणाऱ्या भेटी येतात. पहिल्या दिवशी तितर, पाचव्या दिवशी पाच अंगठ्या, सातव्या दिवशी सात हंस, आठव्या दिवशी दूध काढणाऱ्या आठ मुली. आधीच्या दिवसांच्या भेटीही रोज पुन्हा मिळतात, त्यामुळं बारा दिवसांची बेरीज ३६४ होते. लंडनच्या पोराला हे गाणं पाळण्यात कळतं. राहूच्या माणसाला कुठून कळावं?

पण त्या खेळाच्या कर्त्यानं गाण्याचा कागद पियानोवर ठेवला होता. दोन खोल्या मागं, धुळीखाली. मला तो आधी दिसला होता आणि निरुपयोगी वाटला होता, वहीत मात्र नोंद होती. त्या क्षणी कर्त्याबद्दल जे वाटलं त्याला आदर हाच शब्द. ज्ञान परघरचं होतं, पण पाहुण्यासाठी त्यानं ते ओसरीवर आणून ठेवलं होतं.

सगळे असे नसतात. सांताच्या रेनडिअरांना तबेल्यात लावायचं कोडं घ्या. किती जागा? १८२३ च्या ज्या कवितेनं त्यांना नावं दिली तिच्यात आठ आहेत. लाल नाकाचा नववा १९३९ मध्ये आला, शिकागोच्या एका दुकानासाठी रॉबर्ट मे यानं लिहिलेल्या पुस्तिकेतून. तबेल्यात रिकाम्या जागा आठ आणि हातात नऊ पाट्या असतील, तर कर्ता शहाणा आहे. भिंतीवर १८२३ चं पान टांगलेलं असेल तर सज्जनही आहे. आणि काहीच टांगलेलं नसेल तर तो फक्त आपल्या गल्लीतल्यांसाठी खेळ करतोय.

परक्या गल्लीचा फटका इंग्रजांनाही बसतो. ‘मंकी आयलंड’ या गाजलेल्या मालिकेच्या १९९१ च्या दुसऱ्या खेळात एका पंपाचा नळ फिरवायला पाना लागतो. पाना कुठंच नसतो. माकडाला गुंगी आणून ताठ करायचं आणि त्याचाच पाना करायचा. अमेरिकेत एका जातीच्या पान्याला माकडाचं नाव आहे, त्यावरची ही कोटी. ब्रिटनमध्ये तसल्या पान्याला सहसा दुसरंच नाव, त्यामुळं इंग्रजी येणारी माणसंही तिथं डोकं धरून बसली. गंमत म्हणजे याच मालिकेच्या रॉन गिल्बर्टनं १९८९ मध्ये असल्या खेळांचे दोष दाखवणारा एक लेख लिहिला होता. त्यातला एक मुद्दा मी मनाशी पक्का धरला आहे: कुलूप आधी भेटावं, किल्ली नंतर. आधी किल्लीच हातात आली तर माणूस काहीच सोडवत नाही, नुसता वस्तू गोळा करत हिंडतो.

आता उलटी बाजू. या खेळांत मला जिथं कधीच अडायला होत नाही ती जागा म्हणजे गोठा.

याचं कारण केडगाव, आमच्याच दौंड तालुक्यातलं. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढं ते पुण्याला नेलं, आणि १८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगावात मुक्ती मिशन उभं राहिलं. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्याचं काम रमाबाईंनी तिथंच केलं आणि ते हातावेगळं करून १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. छपाईही तिथल्याच छापखान्यात झाली, मिशनमधल्या बायका-मुलींच्या हातून. त्यामुळं आमच्या भागात नाताळ म्हणजे काही विलायती सिनेमातली गोष्ट नाही. शाळेतल्या एका मित्राच्या घरी मी नाताळला जायचो. करंज्या, चकल्या, शेव, सगळं दिवाळीसारखंच. कोपऱ्यात देखावा: गोठा, गव्हाण, गव्हाणीत कडब्यावर बाळ, मेंढपाळ, उंटावरून आलेले पूर्वेकडचे ज्ञानी लोक, वर चांदणी.

एका खेळात बाळाची लाकडी बाहुली योग्य जागी ठेवायची होती. समोर पाळणा, वेताची टोपली आणि गुरांची गव्हाण. पुण्याच्या भाच्यानं पटकन पाळणा धरला. आमच्याकडच्या कुणीही गव्हाणीलाच हात घातला असता. पुढचं कोडं होतं, बाळाला बघायला आधी कोण आलं, मेंढपाळ की ज्ञानी? सुगी झाली की आमच्या रानांत धनगर मेंढ्या बसवतात. रात्री दोनला मोटारीकडं जाताना सगळा गाव झोपलेला आणि वाघराशेजारी धनगर जागा, हे आम्ही दरवर्षी बघतो. आधी येणार तो जवळचा आणि जागा. लांबचे पाहुणे मागाहून. मूळ कथेतही तसंच आहे. ज्ञानी लोक तीन होते असं मात्र त्या कथेत कुठंच नाही. भेटी तीन, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणून लोकांनी माणसंही तीन धरली. हुशार कर्ते इथं सापळा लावतात: पुतळे चार ठेवतात, पेट्या तीन.

म्हणजे अडणं आणि सुटणं हे डोक्यावर कमी आणि पत्त्यावर जास्त अवलंबून असतं. आजीची कोडी आम्ही पटापट सोडवायचो ती हुशारीमुळं नव्हे. जातं, उखळ, मुसळ, लसणाची कुडी, मक्याचं कणीस, सगळी उत्तरं हाताच्या अंतरावर असायची. व्यासांनीही महाभारतात ८,८०० कूट श्लोक घातले म्हणतात, गणपतीचा हात क्षणभर थांबावा आणि आपल्याला पुढचं रचायला उसंत मिळावी म्हणून. पण तिथं सोडवणारा गणपती होता. त्याला पत्त्याची अडचण नाही.

हिंटचं बटण मी दाबतो. त्यात मला कमीपणा वाटत नाही, पण बटण बनवणाऱ्यांनी जरा कष्ट घ्यावेत. १९८० च्या दशकात इन्फोकॉम नावाची कंपनी आपल्या खेळांसोबत हिंटच्या पुस्तिका विकायची. छपाई अदृश्य शाईची. सोबतच्या पेनानं घासलं की एकेक ओळ उमटायची. पहिली ओळ नुसती दिशा दाखवायची, पुढची थोडं उघड बोलायची, अगदी शेवटची उत्तर सांगायची. कुठं थांबायचं ते सोडवणाऱ्याच्या हाती. आजच्या खेळांत बटण दाबलं की वस्तूभोवती चकाकतं कडं येतं आणि कोडं तिथंच मरतं. काहिलीवरचा फेस बघून गुळव्या ओळखतो की पाक आला, तशी नजर यायला आधी फेसाकडं बघावं लागतं. कुणी बखोटीला धरून ‘आता उतरव’ म्हटलं तर गूळ होईल, गुळव्या नाही होणार.

गेल्या नाताळच्या सुट्टीत पुण्याची पोरं आली तेव्हा पुतणीनं त्यांच्यासाठी खेळ रचला, फोनवर नाही, वस्तीवर. सांताची भेट हरवली आहे, शोधा. चिठ्ठ्या गोठ्यात, चिंचेच्या ढोलीत, गुऱ्हाळावर. तिनं बर्फ काढून टाकला, सांता ठेवला. गुऱ्हाळाच्या चिठ्ठीसाठी माझ्याकडून कोडं मागितलं. मी दिलं: काळ्या पोटात पिवळं पाणी, तापलं तर उड्या मारी, निवलं तर ढेकूळ होई. पोरं चुलीपाशी, चहाच्या पातेल्यापाशी, अंड्यापाशीसुद्धा जाऊन आली. पुतणी म्हणाली, “काका, त्यांनी काहील बघितलीच नाहीये.” खरं होतं. मग तिनं कोडं न बदलता वाट बदलली: आधीची चिठ्ठी अशा जागी हलवली की ती घ्यायला पोरांना गुऱ्हाळावरूनच जावं लागेल. चरखा चालू होता, चुलवाणात चिपाडं ढकलली जात होती, गुऱ्हाळवाल्यानं प्रत्येकाच्या हातावर गरम काकवी ठेवली. परत येता येता धाकटा मधेच थांबला आणि उलटा पळाला.

शेवटचं कुलूप मोटारीच्या खोलीचं. आकडे तीन, खूण एवढीच: ‘या आठवड्यात पाणी किती वाजता सुटतं?’ पोरांनी घरभर विचारलं, आणि घरातल्या प्रत्येकानं वेगळी वेळ सांगितली, कारण वीज खरोखर कधी येते यावर आमच्यात कायमचे मतभेद आहेत. मी पुतणीला म्हटलं, “अगं, हे तर मलाही सुटणार नाही.” तिनं वहीचं पान फाडलं, दिवसाच्या आणि रात्रीच्या आठवड्याचं वेळापत्रक लिहिलं आणि खोलीच्या दाराला चिकटवलं. खाली एक ओळ घातली: कुलपासाठी फक्त कागदावरची वेळ धरावी.